पगाराची टिप्पणी कोणाच्या टेबलावर ठेवायची?

पत्र

आदरणीय सर,

मी एका ब वर्ग नगरपरिषदेत कर निर्धारण व प्रशासकीय सेवेतली अधिकारी आहे. नोकरीला अकरा वर्षं झाली. गेलं दीड वर्ष माझ्याकडे कर विभागाबरोबर आस्थापना आणि बाजार-परवाना हे दोन विभागही आहेत, तेही तोंडी आदेशावर. पगारात एका रुपयाचा फरक नाही. या काळात तीनदा प्रशिक्षणाच्या यादीत माझं नाव आलं आणि तिन्ही वेळा कार्यमुक्त केलं नाही. एकदा मार्चअखेर होती, एकदा स्वच्छ सर्वेक्षण, एकदा तर काहीच कारण नव्हतं. माझ्याबरोबर स्पर्धा परीक्षेचा अभ्यास केलेली मैत्रीण दुसऱ्या खात्यात माझ्यापेक्षा दोन टप्पे पुढे गेली आहे.

जिल्ह्यातले आम्ही सात-आठ विभागप्रमुख मिळून काही मागणी करावी असं ठरवतोय. पण एक ज्येष्ठ म्हणतात, "लोक आधीच पालिकेच्या नावानं बोटं मोडतात, पगार मागाल तर जोडे खाल." दुसरे म्हणतात, "आमदारसाहेबांना भेटा, एका फोनचं काम आहे." आम्ही काय करावं?

— एक करनिर्धारक

उत्तर

मॅडम,

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाईट वाटलं. दुसऱ्यांदा जरा हसू आलं, रागावू नका. आस्थापना विभाग, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या नेमणुका-पगाराच्या फाईली चालवणारा विभाग, तुमच्याचकडे आहे! म्हणजे तुमच्या अतिरिक्त कार्यभाराची फाईल चालवायची तर टिप्पणी लिहिणाऱ्या तुम्ही, तपासणाऱ्या तुम्ही आणि लाभार्थीही तुम्हीच. त्यामुळे पहिली गोष्ट आत्ताच सांगून टाकतो. स्वतःच्या पगाराच्या एकाही कागदावर विभागप्रमुख म्हणून सही करू नका. अर्ज वैयक्तिक करा आणि टिप्पणी दुसऱ्या अधिकाऱ्याकडून यावी असं त्याच अर्जात लिहा. उद्या लेखापरीक्षकाला आक्षेप काढायला एवढं एकच कारण पुरेल.

तुमच्या पत्रात तीन तक्रारी एकमेकींत गुंतल्या आहेत. कार्यभाराचे पैसे मिळत नाहीत, वेतनश्रेणी कमी आहे आणि प्रशिक्षणाला सोडत नाहीत. तिन्ही खऱ्या आहेत, पण तिघींची टेबलं वेगळी. आपल्याकडे विभागप्रमुखांची निवेदनं वाया जातात ती बहुतेक इथेच. एकाच कागदावर बारा मागण्या लिहायच्या आणि तो मुख्याधिकारी, जिल्हाधिकारी, संचालनालय, मंत्रिमहोदय असा चौघांना पाठवायचा. प्रत्येकाला त्यातल्या अकरा मागण्या आपल्या अखत्यारीबाहेरच्या दिसतात. मग तो बाराव्या मागणीसकट कागद पुढे "योग्य त्या कार्यवाहीसाठी" ढकलतो, आणि तो कुठल्या तरी कपाटात विसावतो.

कार्यभाराचं आधी बघू, कारण ते सगळ्यात जवळचं आहे. अतिरिक्त कार्यभारासाठी अतिरिक्त वेतनाची तरतूद १९८१ च्या महाराष्ट्र नागरी सेवा वेतन नियमांत आहे. पण ती सुरू होते सक्षम अधिकाऱ्याच्या लेखी आदेशापासून. "मॅडम, तेवढं बघून घ्या" हा आदेश नव्हे. दीड वर्षाचे पैसे मागे जाऊन मिळतील का? प्रामाणिक उत्तर असं की लेखी आदेशाशिवाय आशा फार नाही. पण आजपासूनचा आदेश मागता येईल, आणि मागायलाच हवा. कारण प्रश्न पैशांपुरता नाही.

मी सेवेत असताना चौदा महिने पाणीपुरवठा विभाग असाच तोंडी सांभाळला होता. त्या काळातल्या एका पाईप खरेदीवर आक्षेप निघाला तेव्हा सही माझी होती आणि मला सही करायचा अधिकार देणारा कागद कोणाकडेच नव्हता. ज्यांनी "बघून घ्या" म्हटलं होतं ते बदलून गेले होते. वसूलपात्र रकमेच्या रकान्यात माझं नाव यायचं थोडक्यात टळलं, तेही एका जुन्या हेडक्लार्कनं स्थायी समितीच्या इतिवृत्तात माझा कार्यभारासह उल्लेख शोधून काढला म्हणून. तेव्हा आदेश मागताना "मला पैसे हवेत" असं लिहू नका. "दोन विभागांची देयके माझ्या स्वाक्षरीने पारित होत आहेत, तरी कार्यभाराचा लेखी आदेश निर्गमित व्हावा" असं लिहा. हे वाक्य कुठलाही मुख्याधिकारी फार दिवस दाबून ठेवत नाही, कारण आदेश नसणं ही त्याचीही अडचण आहे. आदेश निघाला की वेतनाचा अर्ज त्याच्या पाठोपाठ.

याच टेबलावरची आणखी एक बाब. तुमची अकरा वर्षं झाली म्हणता. पदोन्नती मिळाली नाही तरी वरच्या वेतनाचा लाभ देणाऱ्या, राज्य कर्मचाऱ्यांसाठीच्या सुधारित सेवांतर्गत आश्वासित प्रगती योजनेत १०, २० आणि ३० वर्षांचे टप्पे आहेत. तुमच्या संवर्गाला ती कोणत्या आदेशानं आणि कोणत्या तारखेपासून लागू आहे ती प्रत काढा. तुमचं सेवापुस्तक आणि दहा वर्षांचे गोपनीय अहवाल पूर्ण आहेत का तेही बघा. माझ्या अनुभवात दहातल्या चार प्रकरणांत लाभ अडकायचा तो एखाद्या वर्षाचा गोपनीय अहवाल लिहिलाच गेला नव्हता म्हणून, आणि त्या वर्षीचे साहेब तोवर निवृत्त होऊन गावी गेलेले असायचे. मैत्रिणीचे दोन टप्पे पुढे दिसतात त्यातला एक कदाचित एवढाच असेल.

आता वेतनश्रेणी. ही नगरपरिषदेच्या हातात नाही. मुख्याधिकाऱ्याच्या, सर्वसाधारण सभेच्या, जिल्हाधिकाऱ्यांच्याही नाही. तुम्ही राज्यस्तरीय संवर्गात आहात. संवर्गाची श्रेणी नगर विकास विभाग आणि वित्त विभाग मिळून ठरवतात आणि तिला हात लावायची वेळ वर्षाकाठी येत नाही, वेतन आयोगाच्या आगेमागे येते. सहाव्या आयोगाच्या वेळी राज्यातल्या श्रेण्या सुचवायला हकीम समिती होती, सातव्याच्या वेळी बक्षी समिती. बक्षी समितीच्या अहवालातल्या वेतनत्रुटींच्या दुसऱ्या खंडाचा निर्णय निघायला २०२३ उजाडलं, तर आयोग लागू २०१६ पासून. आठव्या केंद्रीय आयोगाची घोषणा जानेवारी २०२५ मध्ये झाली. राज्यात यथावकाश समिती बसेल, संघटनांकडून निवेदनं मागवेल आणि तेव्हा बहुतेक संघटना आदल्या रात्री चार पानं टाईप करून घेऊन जातील.

तुम्ही सात-आठ जण आहात तर ते काम आत्ता हाती घ्या. त्रुटी समिती हळहळ बघत नाही. पदाची शैक्षणिक अर्हता काय, भरती सरळसेवेनं की पदोन्नतीनं, वरचं पद कोणतं आणि तिथं पोचायला किती वर्षं लागतात, कर्तव्यं नि जबाबदाऱ्या काय, आणि याच तोडीचं पद दुसऱ्या खात्यात कोणत्या श्रेणीत आहे, हे ती बघते. यातली शेवटची बाब सगळे लिहितात. "अमुक खात्याला एवढं, आम्हाला का नाही?" जबाबदाऱ्यांची बाब मात्र कोणी धड लिहीत नाही, आणि आपल्या लोकांची बाजू नेमकी तिथेच भक्कम आहे. १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाच्या वेळचं करनिर्धारकाचं काम आणि आजचं काम शेजारी ठेवून बघा. नगरपालिकांना घटनात्मक दर्जा देणारी ७४वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून अमलात आली, बाराव्या अनुसूचीत १८ विषय आले. २००५ नंतर माहिती अधिकार आला. जकात गेल्यावर मालमत्ता कर हाच नगरपरिषदेच्या स्वतःच्या उत्पन्नाचा कणा उरला. मग ऑनलाइन भरणा, सर्वेक्षणं, दुहेरी नोंद लेखापद्धती. पदाचं नाव तेच राहिलं आणि काम तिप्पट झालं, हे आठ नगरपरिषदांच्या आठ विभागप्रमुखांनी प्रत्यक्ष आकड्यांत मांडायचं. मालमत्ता किती, हरकती किती, सुनावण्या किती, न्यायालयीन प्रकरणं किती, मंजूर आकृतिबंधातली (शासनानं ठरवून दिलेल्या पदसंख्येतली) किती पदं भरलेली. आठ नगरपरिषदांचा एकाच नमुन्यातला तक्ता. असा तक्ता मंत्रालयात क्वचितच कोणी घेऊन जातं. तो संवर्गाच्या संघटनेमार्फत द्या. आठ जणांनी वेगळी चूल मांडली तर संघटनाही दुखावेल आणि निवेदनालाही वजन राहणार नाही.

त्यातून श्रेणी वाढेलच का? सांगता येत नाही. वाढलीच तर तुमच्या हयातीतल्या सेवेत एखाददुसऱ्या वेळी. म्हणून सगळा जीव तिथे टांगू नका.

तिसरी तक्रार मात्र मला सगळ्यात गंभीर वाटते, आणि तुम्ही ती सगळ्यात कमी शब्दांत लिहिली आहे. तीनदा प्रशिक्षणाला सोडलं नाही, हे तुम्ही रजा नाकारल्यासारखं सांगता. मुख्याधिकारीही तसंच समजत असणार. प्रशिक्षण म्हणजे साहेब लोकांची सहल, हा समज आपल्याकडे पक्का आहे. तो काही हवेतून आलेला नाही. सकाळी हार-तुरे, दुपारी जेवण, तिसऱ्या दिवशी जवळचं देवस्थान अशी प्रशिक्षणं मीही केली आहेत. तसल्याला नाव आलं असेल तर नाही सोडलं तेच बरं.

पण एक प्रसंग सांगतो. मी होतो त्या एका गावात चतुर्वार्षिक कर आकारणी झाली. आकारणी चोख होती, दरही वाजवी. पण हरकतींच्या सुनावणीच्या नोटिसा बजावल्याच्या पोचा नीट ठेवल्या गेल्या नव्हत्या. नोटीस कुणाच्या दाराला डकवलेली, कुणा शेजाऱ्याच्या हातात दिलेली, पंचनामा नाही. लोक अपिलात गेले आणि एका भागाची पूर्ण वाढीव आकारणी गेली. ती फेरसुनावणी घेऊन पुन्हा लावीपर्यंत दोन वर्षं जुन्या दरानं वसुली. त्या विभागातल्या एकालाही नोटीस कशी बजावायची हे कोणी कधी शिकवलेलं नव्हतं. आधीच्या क्लार्कनं केलं तसं पुढच्यानं केलं. दोन दिवसांचा वर्ग झाला असता तर ते दोन वर्षांचं उत्पन्न बुडालं नसतं.

हा हिशेब तुमच्या गावाचा मांडा. समजा चालू मागणी ५ कोटी आहे आणि वसुली ६२ टक्के. ती ६५ वर गेली तरी वर्षाला १५ लाख जास्त येतात. विभागातल्या चौघांच्या चांगल्या प्रशिक्षणाचा खर्च त्याच्यापुढे किती? शिवाय १५व्या वित्त आयोगानं २०२१-२६ साठी अनुदानाला अटीच घातल्या होत्या: लेखे वेळेत ऑनलाइन प्रसिद्ध करा, मालमत्ता कराचे किमान दर अधिसूचित करा, करवसुलीत राज्याच्या सकल उत्पादनाच्या वाढीशी सुसंगत वाढ दाखवा. म्हणजे कर विभाग आणि लेखा विभाग कच्चा राहिला तर नुसती वसुली नाही, बाहेरून येणारा पैसाही अडतो. प्रशिक्षणाची मागणी या भाषेत गेली पाहिजे. "माझ्या व्यावसायिक विकासासाठी" असं लिहाल तर तो कागद तुमचा राहील. "नगरपरिषदेच्या उत्पन्नासाठी" लिहाल तर तो सभेचा होईल.

सभा हा शब्द मुद्दाम वापरला. कित्येक वर्षं बहुतेक नगरपरिषदांवर प्रशासक होते. डिसेंबर २०२५ च्या निवडणुकांनंतर नगराध्यक्ष आले, सभा भरू लागल्या. नवे नगरसेवक उत्साहात आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना अर्थसंकल्पाचं लेखाशीर्ष (जमाखर्चाचं ठरलेलं सदर) म्हणजे काय हे माहीत नाही. ते त्यांचंही प्रशिक्षण समजा. अर्थसंकल्पात प्रशिक्षणाचं स्वतंत्र लेखाशीर्ष आणि त्याखाली ठरावीक रक्कम, एवढा एकच विषय मुख्याधिकाऱ्यांच्या टिप्पणीनं सभेपुढे जाऊ द्या. आधार विचारतील. २०१२ च्या राष्ट्रीय प्रशिक्षण धोरणात केंद्राच्या खात्यांनी वेतनाच्या तरतुदीच्या किमान अडीच टक्के प्रशिक्षणासाठी ठेवावेत असं म्हटलं आहे. आपल्या राज्याचं प्रशिक्षण धोरण २०११ चं आहे. अडीच टक्क्यांचा आकडा नगरपरिषदेवर बंधनकारक नाही, हे टिप्पणीतच स्पष्ट लिहा. नाहीतर कोणी तरी सभेत उठून तेच सांगेल आणि विषय तिथेच आपटेल. सुरुवातीला अर्धा टक्का मिळाला तरी पुष्कळ.

कुठे शिकायचं याला आता निमित्त उरलेलं नाही. पुण्याला यशदा ही राज्याची प्रशासकीय प्रशिक्षण संस्था आहे. मुंबईची अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्था १९२६ पासून हेच काम करते आहे, आपल्यातल्या अनेकांनी तिथूनच एलएसजीडी ही स्थानिक स्वराज्याची पदविका केली. केंद्राच्या मिशन कर्मयोगीचं आयगॉट हे ऑनलाइन प्रशिक्षणाचं संकेतस्थळ तर फोनवर आहे. पण खरं सांगायचं तर आयगॉटवर नुसती प्रमाणपत्रं गोळा करणारे मला आवडत नाहीत. व्हिडिओ चालू ठेवून जेवायला जातात. तुम्हाला शिकायचंय ते नेमकं लिहून काढा. मला विचाराल तर आकारणीच्या अपिलांचा कायदा, जीआयएस (संगणकीय भौगोलिक) सर्वेक्षणाचे नकाशे वाचणं आणि लेख्यांचा ताळेबंद, ही तीन. नेतृत्वविकास वगैरे नंतर.

आता तुम्हाला का सोडत नाहीत त्याचं खरं कारण. मार्चअखेर वगैरे सांगण्यापुरतं. कारण असं की तुम्ही पाच दिवस नसाल तर तुमचे तीन विभाग चालवणारं कोणी नाही. मुख्याधिकारी दुष्ट नाही, घाबरलेला आहे. त्याची भीती काढायचा रस्ता तुमच्या हाताखाली आहे. प्रत्येक विभागातला एक वरिष्ठ लिपिक निवडा, त्याला दोन महिने शेजारी बसवून काम शिकवा आणि पुढच्या वेळी नाव आलं की अर्जासोबत लिहून द्या: या पाच दिवसांत अमुक काम अमुक पाहतील. त्या तिघांचीही नावं पुढच्या प्रशिक्षणाला पाठवा. विभागप्रमुख स्वतःसाठी मागतो आणि खालच्यांना सोडत नाही, हे मी इतक्यांदा पाहिलंय की तुम्हालाही विचारतो, राग मानू नका: गेल्या दीड वर्षात तुमच्या विभागातल्या किती जणांना तुम्ही कार्यमुक्त केलं?

जोड्यांबद्दल. तुमचे ज्येष्ठ सहकारी पूर्ण चुकीचे नाहीत. ज्या गावात पाणी चार दिवसांआड येतं तिथे अधिकाऱ्यानं पगार वाढवून मागितला तर लोकांना राग येणारच. त्यात घंटागाडीवरच्या कंत्राटी कामगाराचा पगार दोन-दोन महिने रखडत असेल तर अधिकाऱ्यांचं निवेदन पेपरात यायलाही नको. आस्थापना तुमच्याकडे आहे ना? मग त्यांचं किमान वेतन, भविष्य निर्वाह निधीचा भरणा आणि वेळेवरचं देयक आधी सुरळीत करा. हे मी पुण्याचं काम म्हणून सांगत नाही. तुमच्या मागणीला सभेत कोण विरोध करेल आणि कोणत्या तोंडानं, ते यावर ठरतं.

दुसरं म्हणजे, जे मागाल ते उघड मागा. अमेरिकेत शहराचा कारभार नेमलेल्या व्यवस्थापकाकडे द्यायची पद्धत १९०८ मध्ये व्हर्जिनियातल्या स्टाँटन गावी सुरू झाली. १९१४ मध्ये त्या व्यवस्थापकांची संघटना उभी राहिली आणि १९२४ मध्ये तिनं स्वतःच आचारसंहिता केली. त्यांच्या मानांकित व्यवस्थापकाला आजही वर्षाला किमान ४० तास शिकावं लागतं. आणि त्याच देशात २०१० मध्ये कॅलिफोर्नियातल्या बेल नावाच्या छोट्या, गरीब शहराचा व्यवस्थापक वर्षाला जवळपास ८ लाख डॉलर घेतो हे बाहेर आलं. पगार गुपचूप वाढत गेला होता. तो तुरुंगात गेलाच, पण बाकीच्या प्रामाणिक व्यवस्थापकांनाही आपापल्या पगाराची उत्तरं देत बसावं लागलं. आपल्याकडे श्रेण्या शासन ठरवतं म्हणून तेवढा धोका नाही. पण कोपऱ्यात मिळवलेला लाभ सगळ्या संवर्गाला बोलणी खायला लावतो, हे इथेही खरं आहे.

त्याच कारणानं आमदारसाहेबांचा फोन नको. १९७९ च्या वर्तणूक नियमांत सेवाविषयक बाबींसाठी राजकीय किंवा बाहेरचा दबाव आणायला मनाई आहे, हे आस्थापना सांभाळणाऱ्याला मी काय सांगणार. नियम बाजूला ठेवला तरी व्यवहार बघा. ज्यांच्या फोननं तुमची श्रेणी किंवा बदली झाली त्यांच्या कार्यकर्त्याच्या मंगल कार्यालयाची आकारणी उद्या तुमच्याच टेबलावर येणार आहे. संघटनेच्या शिष्टमंडळानं आमदारांना उघड निवेदन देणं वेगळं, त्याचा फोटो पेपरात आला तरी हरकत नाही. ज्या भेटीचा फोटो नको वाटेल ती भेट घेऊ नका.

जिल्ह्यातल्या तुमच्या सात-आठ जणांच्या बैठकीबद्दल एकच सुचवतो. पहिल्या बैठकीत पगाराचा विषय घेऊच नका. प्रत्येकानं आपल्या नगरपरिषदेचा तो एकच तक्ता भरून आणायचा. निम्मे जण आणणार नाहीत. जे आणतील तेवढेच धरून पुढची बैठक घ्या, चार असले तरी चालतील.

कार्यभाराच्या आदेशाचा अर्ज मात्र बैठकीसाठी थांबवू नका. तो या सोमवारी द्या, साहेबांच्या हातात नाही, आवक-जावकला. दुसऱ्या प्रतीवर तारखेसह आवक क्रमांक घ्या आणि ती प्रत घरी ठेवा.

आपला,
सदरकार